खाट नंबर चौदा

मिरजेच्या सिव्हिलला, छातीच्या वॉर्डात
माझ्या फॉर्मवर पहिला प्रश्न असतो: रोज किती?
बाबालाल नदाफ म्हणाले, "बिडी मोजून कोण वडतंय वं बाई?"
मग स्वतःचीच पेरं पाहिली, पिवळी, जळकी.
"दोन बंडलं लिवा. खोटं नगं."

चाळीस वर्षं गाद्या पिंजल्या.
डॉक्टर म्हणतात, थोडा कापूस आत गेला, बाकी धूर.
एक्स-रे खिडकीला धरला तर
त्यांना त्यात गादीच दिसली:
"हितं गोळा झालाय. उसवाय पायजे."

मी शिकवलेलं सांगितलं.
तलफ येते, पाच मिनिटं राहते, जाते.
पाणी प्या, बडीशेप चघळा.
"पाच मिन्टं बरोबर हाय.
पर हातानं काय करायचं तवर?"
याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

तिसऱ्या रात्री ते
अंगाखालच्या गादीतल्या गाठी चाचपत बसलेले.
सकाळी मी दाभण आणलं, जाड दोरा.
सिस्टरनं पाहिलं नाही असं केलं.
खाट चौदा, मग पंधरा, मग खिडकीकडची.
खोकला आला की थांबायचे,
दोरा दातात धरून.

डिस्चार्जनंतर महिन्यानं फोन:
"बाई, रविवारी एक वडली. निम्मी.
तुमच्या कागदावर लिवा."
मी लिहिलं: निम्मी.

चौदावर आज नवा पेशंट आहे.
म्हणतो, गादी लई घट्ट भरलीया, झोप न्हाई.
शर्टाच्या खिशाला बंडलाएवढा फुगवटा.
मी स्टूल ओढते.