डावखुरी गाठ

नवतप्याचा चौथा दिवस.
हेडाऊ पॅथॉलॉजीच्या मागच्या छज्ज्यावर
मी उकिडवा, पान्हा काखेत.
खाली नाग नदी. शहराला नाव तिनं दिलं,
शहरानं तिला काय दिलं
ते नाकाला कळतं.

त्याच वासानं इथलं तांबं खाल्लं होतं.
चार उन्हाळे टिकली ती कॉइल.
आधी काळी पडली, मग वळणांपाशी
मुंग्यांनी वारूळ पोखरावं तशा बारीक वाटा.
उइके उस्ताद म्हणायचे,
"तांबं माफ करते बे. जाळ दाखव, सळई टेकव,
जुळून येते पुन्हा.
अ‍ॅल्युमिनियमले असं नसते."
चार वेळा जाळ दाखवला.
पाचव्यांदा भंगारवाल्यानं तोलून नेली.

मग त्याच ब्रॅकेटवर ही चढवली,
नखशिखांत अ‍ॅल्युमिनियम.
नळी त्याची, पाती त्याची,
सांध्यात परका कोणी नाही.
दोन धातू, मधे ओल,
म्हणजे एक दुसऱ्याला खाणारच,
हे आयटीआयच्या फळ्यावर होतं.
मी वहीत उतरवूनही घेतलं होतं.

मला वाटायचं, हिला गंज चढत नाही.
चढतो. हवा लागताक्षणी चढतो,
इतका पातळ की दिसत नाही,
आणि तोच हिची कातडी होतो.
ओरखडा काढा,
हात मागे घ्यायच्या आत खपली धरलेली.

सात वर्षं.
कोराडीकडून येणारी राख, कबुतरांची शीट,
सत्तेचाळीसचं ऊन, खालून नाल्याचा श्वास.
दर फेब्रुवारीत साध्या पाण्यानं धुतली,
कमी दाबानं, आतून बाहेर,
लहान पोराचं डोकं धुवावं तशी.
पाती अजून सरळ.

तरी आज गॅस नाही.
साबणाचा फेस फिरवत खालच्या कोपऱ्याला आलो
तर एक बुडबुडा.
फुगतो, फुटतो, फुगतो.
भोवती पांढरी भुकटी,
आणि तिथंच टेकलेली, हिरवट,
तांब्याची तार.

सुटलेली वायर लोंबू नये म्हणून कोणीतरी बांधलेली,
जुन्या कॉइलसोबत उरलेल्या तुकड्यानं.
दोन वेढे, मग उलटा पीळ.
या भागात डावखुरा मेकॅनिक
मी एकटाच.

खिडकी उघडली.
"काय झालं हो नंदेश्वर? नाल्यानंच खाल्लं ना पुन्हा?
आत सॅम्पल आहेत माझे."

नाल्याचं नाव घेणं सोपं होतं.
तो खाली वाहत होता,
त्यानं हरकत घेतली नसती.

तार सोडवली. बोट पोळलं.
"नाही मॅडम. बांधणाऱ्याची चूक."
"कोण होता तो?"

मी उजव्या हातानं कोपरा दाखवला,
आणि बाकी कॉइल शाबूत आहे
हे दोनदा सांगितलं.