पान एकेचाळीस

पान चाळीसवर मुलींच्या छत्तीस सायकली,
पान बेचाळीसवर सौर दिवे.
मधल्या पानाला एक माणूस हवं होतं,
फोटोसकट,
आणि त्याच्या तोंडची एक ओळ.

म्हणून उधाणाच्या सुकतीला
मी उतरलो बोरीवाडीच्या खडपावर,
कंपनीच्या सेफ्टी बुटांत, शेवाळावर दोनदा घसरत.
द्रुपदाबाई वासावे उकिडव्या बसून
कोयतीच्या टोकानं कालवं फोडत होत्या.
सकाळपासूनची, टोपाचा तळही झाकत नव्हती.

मी सांगत गेलो:
आम्ही पाणी पुन्हा वापरतो, काकी, शंभरातलं बासष्ट.
आत आमच्याकडे एक पाणी आहे,
इतकं शुद्ध की पिता येत नाही.
मीठ नाही, माती नाही, चवच नाही.
नखाएवढ्या चिप त्यात धुऊन निघतात
आणि धुळीचा कण तिथं डोंगराएवढा.

"नि उरलेलं अडतीस?"

मी खाडीच्या तोंडाकडे पाहिलं.
आमचा पाइप हिरवा रंगवलाय, झाडीत चटकन दिसत नाही.
"नियमात बसतं," म्हटलं.
बसतंच. दर महिन्याला सही माझी असते.

त्यांनी बोट डबक्यात बुडवलं,
तान्ह्याच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं.
"लिव," म्हणाल्या.
"पानी परत येतं.
पन कोमट येतं.
कालव कोमटाला तोंड उघडतं नि मिटायचं इसरतं."

फोटो चांगला आला. कपाळावर मिठाची रेघसुद्धा.
डिझायनरचा निरोप: जागा तीन शब्दांची.
कापलं मीच.
कुठून कापायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये अहवाल छापून आला, उसाच्या चोयट्यांच्या कागदावर.
"पाणी परत येतं."
द्रुपदाबाई वासावे, लाभार्थी.
'पानी'चं 'पाणी'ही मीच केलेलं.

प्रत द्यायला गेलो.
हात ओले म्हणून त्यांनी घेतली नाही,
मग मीच वाचून दाखवलं, मोठ्यानं, वाऱ्यावर.
कोयती थांबली.
"पुढं?"

पुढं सौर दिवे होते.

भरती घोट्यांपर्यंत चढली होती तोवर.
बूट चांगले आहेत कंपनीचे,
थेंब आत येऊ देत नाहीत.
गार होतं की कोमट,
मला कळलं नाही.