साडेबारा ते साडेतीन

जूनपासून ऑगस्टपर्यंत
सोहारच्या बंदरावर भर दुपारी काम बंद असतं.
कायदाच आहे तसा.
साडेबाराला भोंगा होतो,
लोखंड एकटंच तापत राहतं
आणि आम्ही अडीचशे माणसं
पत्र्याच्या गार खोलीत
बूट काढून आडवी होतो.

मी परमिट-क्लार्क. बार्शीचा.
माझ्याकडे त्या तीन तासांची योजना होती.
फलज अल-कबाईलच्या कॅम्पात, माझ्या खाटेवरच्या भिंतीला
चिकटवलेला तक्ता:
पहाटे साडेतीनला उठणे.
पन्नास बैठका.
अरबी, रोज दहा शब्द.
साखर बंद, रील्स बंद.
सेफ्टीच्या परीक्षेची वीस पानं.
रागाची नोंद. कृतज्ञतेची नोंद.
असे बारा रकाने, हिरव्या पेनाने,
कारण कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं
की हिरवा रंग मनाला मानवतो.

पहिला आठवडा मी राजा होतो.
दुसऱ्यात ताप आला, मग नाइट शिफ्ट.
तिसऱ्या शुक्रवारी मांडी घालून बसलो
आणि बुधवार-गुरुवारच्या खोट्या खुणा केल्या.
कुणासाठी, ते अजून कळलेलं नाही.
तो तक्ता माझ्याशिवाय
कुणीच वाचत नव्हतं.

याकूब हमदुले, परांची बांधणारा,
दुपारी माझ्या शेजारी पाठ टेकायचा.
केळशीचा. वय सत्तेचाळीस.
दुसरीत शाळा सुटली ती सुटलीच.
कुराण वाचतो झरझर,
मराठी मात्र बोलण्यापुरतीच.
एकदा म्हणाला,
"तुझ्या खिशात कायम पेन असतो.
एक अक्षर दे."
मी दहा द्यायला लागलो. मी नेहमी दहाच देतो.
"एकच," तो म्हणाला.
"पाइप पण एकच बांधतो आपण.
हलवून बघतो. मग दुसरा."

पाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा,
पाइपवर खूण करायचा पिवळा मार्कर.
क त्याने उजवीकडून सुरू केला,
मग स्वतःच हसला, पुठ्ठा उलटा केला.
गावाचं नाव आधी हवं होतं त्याला,
पैसे पाठवायच्या फॉर्मवर
दरवेळी दुसऱ्याच्या अक्षरात जातं म्हणून.
ळ-ला चार दिवस लागले.
पहिल्या दिवशी चष्मा झाला,
दुसऱ्या दिवशी बेडी,
तिसऱ्या दिवशी तो डाळ-खुबूस खाऊन सरळ झोपला
आणि उठल्यावर त्याला त्याचं
काहीही वाटलं नाही.

मी हे टक लावून पाहत होतो.
म्हणजे खाडा झाला तर
माणूस दुसऱ्या दिवशी नुसता येऊन बसतो?
ना दंड, ना हिरव्या पेनाची लबाडी?
हे मला कुठल्याच व्हिडिओने सांगितलं नव्हतं.
सांगितलंही असेल.
मी दीडपट वेगाने ऐकायचो.

चौथ्या दिवशी ळ झाला. जरा फुगीर,
पण ळ.

ऑगस्ट संपता संपता
त्याने पुठ्ठ्याचा फोटो घरी पाठवला:
रुमाना मी जवलो
तिकडून उत्तर आलं, चौथीतल्या पोरीच्या ठसक्यात:
अब्बा, मात्रा राहिली. दहा वेळा लिहा.
त्याने लिहिलं दहा वेळा.
रोज एकदा.
दहा दिवस.

आता दुपारचा भोंगा नाही.
साडेबाराला याकूब चौथ्या मजल्याच्या उंचीवर असतो,
पट्टा अडकवून,
आणि मी खाली परमिटवर सही घेतो.
त्याची सही.
शेवटच्या अक्षरापाशी तो थोडा थांबतो,
मागची माणसं घाई करतात,
तो करत नाही.

एसीच्या गळतीने माझे बारा रकाने
एकमेकांत उतरलेत.
हिरवा ओघळ पार उशीपर्यंत आलाय.
काल तक्ता काढला. मागे भिंत
दुसऱ्याच रंगाची निघाली.
एकच गोष्ट ठेवलीय:
रात्री झोपताना पाण्याची बाटली भरून
बुटांशेजारी ठेवायची.

परवा विसरलो.
काल भरली.