खांदेपालट

तार्तू, रात्रीचे पावणेतीन. बाहेर उणे एकोणीस.
लेलो पहिल्या सर्व्हरला म्हणते, जरा टेक.
त्याचं ओझं उरलेल्या दोघांवर सरकतं,
पंख्यांचा आवाज चढतो. तेवढंच.

वर तिसऱ्या मजल्यावर नर्स उर्वे
कुणाचा तरी ताप नोंदवते;
आकडा कोणाच्या खांद्यावर टेकला
तिला कळत नाही.
कळूच नये.

अपडेट. रीस्टार्ट. काळा पडदा.
ही चार मिनिटं लेलो कॉफीला हात लावत नाही.
दोघांतला एक आत्ता कोसळला
तर बहुमतच उरायचं नाही.

उठला.
नाव सांगितलं, नवी आवृत्ती सांगितली.
तरी ती लगेच ओझं देत नाही.
मागच्या मार्चमध्ये दिलं होतं.

आता दुसरा.
जरा टेक.
कॉफीवर साय धरली आहे.