विंचू

कातड्याच्या दोन थरांमध्ये
मी घालायचे विंचवाचं बी,
चपलेनं कर्रकर्र बोलावं म्हणून.
वय बारा. साल चौऱ्याहत्तर.
सुभाषनगरात वीज गेली की
आम्ही चालीवरून माणूस ओळखायचो.

शिरपती गाडेकर तीन गल्ल्या आधी ऐकू यायचा.
बापूशेठचा वसुलीवाला.
मटक्याचं, व्याजाचं, जे सुटत नाही ते सोडवणारा.
आमच्यातलाच. त्याचा बाप माझ्या बापाशेजारी
रापी चालवायचा.
शेठनं नेमताना तेच तर पाहिलं होतं.

रविवारी सकाळी लक्ष्मीपुरीत
इंग्रजी खेळ लागायचा, अर्ध्या तिकिटात.
तिथून एकदा तो तसाच आमच्या ओट्यावर आला.
"दादा, आज पडद्यावर
आपल्याहून काळा माणूस बघितला.
कातड्याचा कोट, ढोपरापतुर.
हिरो व्हता गा! शेवटी मरत बी न्हाई.
पन त्यो बी कुनाचा तरी मानूस असतोय.
त्याच्याच गल्लीतली पोरं
त्याच्याच पुड्या खाऊन मरत्यात."
मग बराच वेळ दोघं
कोटाचं कातडं कुठलं असेल यावर बोलत राहिले.
मेंढीचं, बाप म्हणाला.
म्हशीचं वजन कोण अंगावर घेतंय?

त्याच महिन्यात त्यानं बळीमामाचा
उजवा अंगठा मोडला.
अंगठ्याशिवाय आरी धरता येत नाही.
त्याला ठाऊक होतं. म्हणूनच अंगठा.
दुसऱ्या दिवशी मामीच्या दारात तांदळाचं गाठोडं.
मामीनं ते गटारीकडेला ओतलं
आणि अंधार पडल्यावर वेचून आणलं.
धुतलं. शिजवलं.
मीही जेवले. लपवत नाही.

दसऱ्याच्या आधी तो नवा जोड सांगायला आला.
"पोरी, विंचू किती घालतीस?"
"चार."
"धा घाल."
बापानं मान वर केली. "लई वाजंल."
"वाजू द्या की."
बापानं कागदावर त्याचा पाय ठेवून घेतला,
पेन्सिल फिरवली. विचारलं काहीच नाही.

त्यानंतर शिरपती निघाला की
सुभाषनगर मागच्या दारानं रिकामं व्हायचं.
तो पोचायचा तेव्हा
बशीत चहा वाफाळत असायचा
आणि घरात फक्त एक आंधळी म्हातारी.
"कुनी न्हाई," तो शेठला शपथेवर सांगायचा.

बापूशेठ अंगठाबहाद्दर होता, खुळा नव्हता.
पाडव्याला त्यानं बूट दिले.
मुंबईचे, काळे, रबरी तळव्याचे.
गुजरीत, चारचौघांत, स्वतः खोक्यातून काढून:
"आता खरा हिरो दिसतोस."

त्या रात्री काहीच वाजलं नाही.
मी डोळे उघडले तेव्हा तो आत उभा होता,
बापाच्या उशाशी, हातात पाना.
बाप जागाच होता.
"किती ऱ्हायलंय माझं?"
"तीनशे चाळीस."
"हां."
कंदिलाची वात कुणीच मोठी केली नाही.
मग बाप म्हणाला,
"टाच सोललीय तुजी. बस."

तो बसला. बापानं बूट काढले,
खोबरेल लावलं, आतल्या खोलीतला
दुरुस्तीला आलेला दहा विंचवांचा जोड
त्याच्यापुढं ठेवला.
पाना आमच्या पाटावरच विसरला,
की ठेवला, कोण जाणे.

आम्ही ऐकत राहिलो. कर्रकर्र
गल्लीच्या टोकापर्यंत, मग वळणावर,
मग गुजरीच्या दिशेनं,
घाई नाही, लपणं नाही,
शेठच्या कानावर जावं असं चालणं.
बिंदू चौकाच्या आसपास ते ऐकू येईनासं झालं.

सकाळी कुणी काही विचारलं नाही.
बूट आमच्याकडेच राहिले.
बापानं रापीनं तळवा उकलून पाहिला.
आत पुठ्ठा होता.