शितावरून

तक्त्यातला पहिला आकडा एकसष्ट.
दुसरा चौदा.
म्हणजे नैर्ऋत्येच्या कोपऱ्यापासून
एकसष्ट पावलं लांबीला, चौदा रुंदीला,
जिथे पाऊल थांबेल तिथे खुंटी.
कोतवाल देवमन मोठ्यानं मोजत चालला,
सोयाबीनच्या वाळल्या शेंगा
त्याच्या पोटऱ्यांवर तडतडत होत्या.

बारा. तेरा. चौदा.
आणि आम्ही उभे नेमके त्या चिबडात
जिथे श्रावणभर पाणी साचलं होतं.
गुडघ्याला लागतील न लागतील अशी झाडं,
मधे मधे जमिनीचं टक्कल.

"मॅडम, इथं नोका मोजू," पंचफुलाबाई म्हणाल्या.
"चार एकराचं वावर हाय मायं,
अन् तुमी त्याचा लंगडा पायच पाह्यता का?
थ्या बाजूनं चाला नं. कमरीइतकं हाय तिकडं."

बांधावरून शालिक ओरडला,
"राहू द्या इथंच! कमीच निघू द्या,
इमा तरी भेटीन गावाले."

उपसरपंचांनी चहा सांगितला
आणि तोडगा काढला:
ना तिचं ना त्याचं, मधातली जागा घ्या,
कागदावर बरी दिसते.

तिघांकडे तीन कारणं, तिन्ही खरी.
माझ्याकडे एक तक्ता,
घडीवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला.
त्यातल्या आकड्यांना आडनाव नाही.
ते इथे कुणाच्या लग्नात जेवले नाहीत.
कुठे काय उगवलं हे त्यांना ठाऊकच नाही,
आणि म्हणूनच
मी त्यांचं ऐकते.

विचारलं, "बाई, भात झाला का ते कसं पाहता?"
"शितावरून."
"कुठल्या?"
त्या थांबल्या. पदरानं मान पुसली.
"वरचं घेतलं त कच्चं लागते कधी.
बुडचं करपलं राह्यते.
आंधी गंज हालवा लागते, मंग कोनतंबी घ्या."

अकोल्यात प्रशिक्षणाचे तीन दिवस,
पडद्यावर घंटेसारखी ती वक्ररेषा,
साहेबांचा खडू, दुपारची झोप,
आणि इतकं थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

"वावर ढवळता येत नाही, बाई," मी म्हटलं.
"म्हणून आकडे ढवळून आणलेत."

पटलं नाही त्यांना. पण विळा त्यांनीच दिला.
दहा बाय पाचची दोरी ताणली,
कापलं, ताडपत्रीवर बडवलं, उफणलं.
काटा हलत राहिला आणि थांबला:
दोन किलो तीनशे चाळीस.
"हे मायं वावर नाई," त्या म्हणाल्या.
बरोबर होतं त्यांचं.
हे कुणाचंच वावर नव्हतं.
चौदा गावांतली छप्पन्न शितं एका ताटात येईपर्यंत
ते नुसतं एक वजन होतं,
पिशवीत शिवलेलं, वर चिठ्ठी.

रात्री मुलगी पुस्तकातून मान वर काढून विचारते,
नवं औषध कुणाला, नुसती साखरेची गोळी कुणाला,
हे म्हणे डॉक्टर ठरवत नाहीत, सोडत ठरवते?
हो, म्हणते मी, भाकरी उलटत.
डॉक्टरला ज्याची दया येईल, त्यालाच तो औषध देईल.
मग बरं केलं ते कुणी,
औषधानं की दयेनं?
ती लिहून घेते.
मला वाटतं पुढचंही सांगावं.

तीन वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावात,
खुंटी बाभळीखाली आली होती.
काटे होते, ऊन होतं, पाचची बस चुकणार होती.
मी दोन पावलं सरकले.
कुणी हरकत घेतली नाही. देवमननं पाहिलं,
आणि तंबाखू मळत दुसरीकडे पाहिलं.

ते वजन जिल्ह्याच्या सरासरीत अजून आहे,
दशांश चिन्हाच्या पलीकडे कुठेतरी,
मुंगीएवढं.
काढून टाकावं म्हटलं तर सापडत नाही.
आणि त्या बाभळीखाली
त्या साली काय उगवलं होतं,
ते आता कुणालाच
माहीत नाही.