रक्ताचं पाणी

पुन्ता अरेनासला वारा चेकाळला की
नगरपालिका चौकात दोर बांधते, माणसांनी धरायला.
माझ्या धाकट्या भावानं, झ्वोन्कोनं,
असाच एक दोर धरलाय; वारा पडला तरी सोडत नाही.

रविवारी त्यानं कोकरू कापलं.
उलटं टांगलं, शेवटचा थेंब निथळू दिला,
आणि वर फावड्यानं माती ओढली.
वडील असते तर वाडगं घेऊन धावले असते.
गरम रक्त, मीठ, लिंबू, कोथिंबीर;
थिजलं की सुरीनं वड्या पाडायच्या.
आम्ही दोघांनी खाल्ल्यात त्या, एका ताटलीत,
शेवटच्या वडीसाठी भांडून.
आता तो म्हणतो, जीव रक्तात असतो
आणि जीव ज्याचा त्याला परत द्यायचा.

त्याच्या पाकिटात, बायकोच्या फोटोपुढे, एक कार्ड आहे:
मरायला टेकलो तरी दुसऱ्याचं रक्त चढवू नये.
सही. दोन साक्षीदार. त्यातला एक आमचा खाटीक.

गुरुवारी त्याच्या पोटातली गाठ काढायची होती.
सोमवारी मी त्याला आमच्या केंद्रात नेलं,
जिथं मी एकवीस वर्षं टाक्या घासते
आणि हल्ली लेबलंही लिहिते.
बर्फाच्या समुद्रातून आणलेला मासा दाखवला,
कल्ले सायीसारखे पांढरे.
त्याचं रक्त काचनळीत धरलं:
पलीकडची खिडकी दिसली, खिडकीतलं जहाज दिसलं.

म्हटलं, बघ. लाल नाहीच.
गार पाण्यात प्राणवायू भरपूर, म्हणून निभावलं.
पण लाल रक्ताची कृती याच्या पेशीत अजून आहे, अर्धीमुर्धी,
आईच्या वहीतल्या त्या पानासारखी,
'मंद आचेवर' एवढंच उरलेलं,
कशाचं काय शिजवायचं ते फाटून गेलेलं.
कोणी नव्यानं मासा घडवला असता
तर त्यात फाटकं पान कशाला ठेवलं असतं?
याचे पूर्वज लाल होते, झ्वोन्को.
शेजारच्या टाकीत बघ, चुलते अजून लालच आहेत.

तो काचेला नाक लावून उभा. बराच वेळ.
मला वाटलं, पटलं.
मग म्हणाला, "म्हणजे रक्ताशिवायही तो जगवतो."

मी नळी इतक्या जोरात ठेवली की तडकली.
"जीव रक्तात ना तुझा? मग याचा कुठंय?"
"त्यालाच विचार," तो म्हणाला,
आणि माशानं तोंड उघडलं, मिटलं,
आणि आम्ही दोघं हसलो, मूर्खासारखे,
वड्यांवरून भांडायचो तेव्हा हसायचो तसे.

एक मात्र बोलले नाही.
वडिलांनी परक्यांच्या मेंढ्या कातरत
आमच्यासाठी रक्ताचं पाणी केलं.
या माशाला तेच करायला लाखो वर्षं लागली,
आणि कुणासाठी, ते माझ्या शास्त्रालाही ठाऊक नाही.

बुधवारी रक्त देऊन आले. दर चार महिन्यांनी देते,
पण या वेळी डावा हात पुढं केला, का कोण जाणे.
आमचा गट एकच.
पिशवीवर नाव नसतं, आकडा असतो.
"बेचाळीस दिवस टिकेल," नर्स म्हणाली, आणि बिस्किट दिलं.

डॉक्टरांनी सहा आठवडे त्याला लोहाची इंजेक्शनं दिलीत,
सांडलं तर त्याचंच गोळा करून परत देणारं यंत्र आणवलंय,
(नळी अंगापासून तुटता कामा नये, ही त्याची अट)
आणि तरीही "बघू" असं म्हणालेत.

स्ट्रेचरवर त्यानं माझी बाही ओढली.
"ते पान. कुणी फाडलं, ते सांगितलंच नाहीस."
"कुणी नाही. पानं फाटतात."
"हं," म्हणाला, आणि दार मिटलं.

त्याची बायको डोळे मिटून ओठ हलवतेय.
मी भिंतीवरचं घड्याळ बघतेय.
बाहेर चौकात दोर बांधलेत आज.
खाली तळघरात, थंडीत, माझी पिशवी,
बेचाळीसातला दुसरा दिवस.